मागचं चाक कोणी उघडलं?

नोकरीतल्या कित्येक गुन्ह्यांचे नंबर मी विसरलो, पण मोटारसायकलचं एक मागचं चाक अजून डोळ्यांसमोर जसंच्या तसं येतं. त्या चाकाने एका निरपराध माणसाला तुरुंगापासून वाचवलं आणि मला आयुष्यभर बोचेल अशा चुकीपासून.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात ठाणेदार होतो. ठाणं कोणतं ते सांगत नाही आणि कोणाचं नावही घेत नाही. ही माणसं अजून तिथंच राहतात आणि रोज एकमेकांच्या दारावरून जातात.

अपघात झाला तो रविवारी सकाळी, खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका उतारावर. जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक मोटारसायकलवरून नांदुऱ्याला निघाले होते. त्यांची आई रेल्वेने येणार होती, तिला स्टेशनवर घ्यायला. उतारावर पुढे म्हशी रस्ता ओलांडत होत्या. म्हशींच्या मालकाने दिलेला जबाब असा, की गाडी काही फार वेगात नव्हती. सरांनी ब्रेक दाबला, खाडकन आवाज झाला, मागचं चाक जागीच जाम झालं आणि गाडी आडवी होऊन मोरीच्या कठड्यावर आदळली. हेल्मेटला मधोमध चीर पडली होती. ते हेल्मेट नसतं तर मला पुढची सगळी कागदपत्रं वेगळ्या कलमाखाली लिहावी लागली असती. सरांना आधी खामगावला आणि तिथून अकोल्याला हलवलं. ते शुद्धीवर नव्हते.

मी घटनास्थळी गेलो तेव्हा डांबरावर चाकाचा लांबलचक काळा पट्टा उमटलेला होता. गाडी क्रेनने ठाण्यात आणली आणि मुद्देमाल म्हणून आवारात, कडुनिंबाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरांचा धाकटा भाऊ फिर्याद द्यायला आला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"साहेब, हा अपघात नाही," तो म्हणाला. "शनिवारी गाडी मिस्त्रीकडं देल्ली होती. मागचं चाक त्यानंच खोललं. महिनाभर आधी भर बाजारात त्यानं माह्या भावाले धमकी देल्ली होती. चार माणसं साक्ष देतीन."

मिस्त्री म्हणजे बाजारपेठेतले एक मुसलमान गॅरेजवाले. वय साठीच्या जवळ, तीस-पस्तीस वर्षांचा हात. अमडापूरकडचे लोकसुद्धा गाडी घेऊन त्यांच्याकडे येत. त्यांच्या नातवाला शाळेत सरांचा मार बसला होता, त्यावरून बाजाराच्या दिवशी त्यांची आणि सरांची जुंपली होती. "सर, हे तुम्हाला महागात पडेल," असं ते बोलले होते. हे खरं होतं. मी चार साक्षीदारांना वेगवेगळं बसवून विचारलं, चौघांनी तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. मोटारसायकलच्या मागच्या ड्रम ब्रेकची एक गोल प्लेट असते. ब्रेक दाबला की चाकाबरोबर ती प्लेटही फिरू पाहते. ती फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवते. पट्टीच्या दोन्ही टोकांना नट-बोल्ट आणि नट सुटू नये म्हणून त्यात एक पिन. आमच्या गाडीत त्या पट्टीचं मागचं टोक लोंबत होतं. त्या टोकाला नट नव्हता, बोल्ट नव्हता, पिन नव्हती. त्यामुळे ब्रेक दाबताच प्लेट फिरली, ब्रेकची सळई पिळून तुटली आणि चाक जाम झालं. निरीक्षकांचा अहवाल बिनचूक होता. अर्थ मी माझा काढला: आदल्या दिवशी ज्याने चाक बसवलं, त्यानेच नट काढून ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. नाव न सांगता कोणीतरी बोललं, "मिस्त्री दुकानाले कुलूप लावून सुलतानपूरले बहिणीच्या घरी जाऊन बसला. पाहून घ्या." मी लगेच जीपने पथक पाठवलं. फोन करणारा कोण होता हे मला कधीच कळलं नाही. अशा फोनमध्ये खबर बहुधा खरी असते, पण ती देण्यामागचा हेतू वेगळा असू शकतो, आणि त्या दिवशी मी हेतूचा विचारच केला नाही. पळाला म्हणजे दोषी, एवढंच मनात आलं. वरिष्ठांना फोन करून आरोपी निष्पन्न झाल्याचंही कळवून मोकळा झालो.

दुपारी बाराच्या आत मिस्त्रींना माझ्यासमोर आणलं. पांढरी दाढी, काळे पडलेले पंजे, अंगावर इस्त्रीचा शर्ट. पळून गेलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बसत नाही, हे मला नंतर सुचलं.

"गाव सोडून का गेलात?"

"पोरायनं पाठवलं साहेब. लोक दुकानासमोर येऊन उभे राहू लागले. बहिणीकडं बसा म्हणे चार दिवस."

"चाक तुम्हीच उघडलं होतं?"

"हाव. मीच खोललं, मीच बसवलं. ब्रेकचे नवे लायनर टाकले. पट्टीचा नट कसला, पिन टाकली. दुसरं मले काही माहीत नाही."

"मग नट गेला कुठं?"

"चाक दाखवा मले. चाक पाहूनच सांगता येईन."

मी चाक दाखवलं नाही. आरोपीला मुद्देमालाजवळ नेऊन त्याला काही सुचू देणं मला धोक्याचं वाटलं. मी आडून विचारलं, आवाज चढवून विचारलं, मधे अर्धा तास एकटं बसवून पुन्हा विचारलं. भांडणाचं विचारलं तेव्हा ते खाली पाहत म्हणाले, "बोललो मी, खोटं काऊन सांगू. नातू रडत घरी आला होता. पण शनिवारी सर सोताच दुकानावर आले. म्हणाले, मिस्त्री, त्या दिवशी माझा हात उठायला नको होता. गाडी लावली, आम्ही सोबत चहा घेतला. त्या गाडीसाठी म्या दुसरं काम बाजूले ठेवलं साहेब."

मला ती बनवलेली गोष्ट वाटली. सर बेशुद्ध असताना कोणीही काहीही सांगावं. मात्र एक गोष्ट खटकत होती. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा विचारलं की थोडं जास्त सांगतो, तिसऱ्यांदा आणखी. हे गृहस्थ प्रत्येक वेळी तेवढंच सांगत होते आणि शेवटी तेच मागत होते: चाक दाखवा.

दोन वाजता मी अटकेची कागदपत्रं करायला सांगितली. कलम जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं. आमच्या ठाण्याचा मुद्देमाल एक महिला हवालदार सांभाळत असत. बोलणं कमी, रजिस्टर स्वच्छ. त्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, एक सांगू का?"

"बोला."

"आरटीओच्या साहेबांनी गाडीत काय नाही ते लिहून दिलं. काय आहे ते कोणी पाह्यलंच नाही. चाक अजून खोललेलंच नाही, सर."

मी चिडलो होतो हे खरं. पण बाई बरोबर बोलत होत्या. अहवालात ब्रेकची प्लेट बाहेरून पाहिल्याचं होतं, आतलं काहीच नव्हतं. चाक उघडायला जाणकार माणूस हवा होता. बाईंनीच नाव सुचवलं आणि ते ऐकून मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. मिस्त्रींच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे दुसरं गॅरेज होतं. त्याचा मालक भीमनगरात राहणारा, चाळिशीतला. अकरा वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकला आणि मग त्यांच्याच समोर स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून दोघांमध्ये शब्द नव्हता. त्याला पंधरा वर्षं झाली होती.

"तो तर यांच्या विरोधातच बोलेल," मी म्हणालो.

"विरोधात बोलायलाही त्याले चाक पाहावं लागन ना, सर," बाई म्हणाल्या.

तो आला तो हात पुसतच. "जय भीम साहेब," म्हणून दाराशीच थांबला. कशासाठी बोलावलं ते सांगितल्यावर मान हलवू लागला.

"साहेब, मले ह्यात नका घेऊ. मी चांगलं सांगतलं तं तुम्ही म्हणान उस्तादले वाचवून राह्यला. वाईट सांगतलं तं गाव म्हणन बदला घेतला. माह्यं दोन्हीकडून मरण."

"तू चांगलं-वाईट काही सांगू नको," मी म्हणालो. "जे दिसेल ते सांग. दोन पंच आहेत, बाई लिहून घेतील."

मग त्याने नळावर कोपरापर्यंत हात धुतले, स्वच्छ पोतं मागितलं आणि ते गाडीजवळ अंथरलं. मी मनात म्हटलं, कसबी माणूस आहे.

सुरुवातीला तो गाडीला हातही न लावता मागून वाकून पाहत बसला. चाक सरळ बसावं म्हणून चाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या मोजून म्हणाला, "लिहा. उजवीकडं चौथी रेघ, डावीकडं पाचवी. चाक वाकडं बसवलं. चेनही जास्त ताणली." मग एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, नटापाशी बोट नेलं. नटात पिनच्या जागी तारेचा तुकडा घालून पिळलेला होता. त्याने तो वाकून नीट पाहिला.

चाक उतरवलं. ब्रेकची प्लेट बाहेर काढून त्याने पोत्यावर उलटी ठेवली. आतले लायनर नवे होते. ड्रम आतून घासून स्वच्छ केलेला, कुठं धुळीचा कण नाही. लायनर उघडणारी जी छोटी दांडी असते तिच्यावर ग्रीसचा पातळ हात होता. त्याने बोटाने ग्रीस पाहिलं आणि बोट पंचांना दाखवलं. "एवढंसंच. जास्त लावलं तं वितळून लायनरवर येते, ब्रेक घसरते. लायनरच्या कडा कानशीनं मोडल्या, म्हणजे चाकाले झटका बसत नाही. एवढा वेळ इथं कोणी देत नाही."

शेवटी त्याने लोंबणारी पट्टी हातात घेतली आणि तिचं पुढचं टोक पुसलं. तिथला नट जागेवर होता, त्यात पिन होती. पिनचं एक टोक वर वळवून नटावर बसवलेलं, दुसरं खाली वळवून चपटं केलेलं.

त्याचा आवाज बदलला. "साहेब, ही उस्तादची पिन हाय. एक वर, एक खाली, म्हणजे पुसताना हाताले लागत नाही न् चिंधी अडकत नाही. मले पिन अशी वळता येत नोती तं दुपारभर तेच करायले लावलं होतं त्यायनं. ज्या माणसानं ही पिन टाकली तो एक्सलमध्ये तार टाकत नाही. आतलं काम उस्तादचं. चाक मात्र त्याच्यानंतर कोणीतरी खोललं."

"कोणी खोलेल? एका दिवसात?"

त्याने टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबला. लोखंडी पात्याने टायर उचकटल्याचे ताजे चरे होते. टायर उतरवून त्याने ट्यूब बाहेर काढली. ट्यूबला नवंकोरं ठिगळ होतं. त्याने ते नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. सोल्युशनचा वास अजून येत होता.

"पंक्चर झालं होतं सरचं. रस्त्यावर काढलं."

आत टेबलावर अटकेचा कागद तयार होता. मी तो तसाच ठेवायला सांगितला आणि बाईंना व त्याला घेऊन जीपमध्ये बसलो.

गावापासून त्या उतारापर्यंत पंक्चरची तीन दुकानं होती. पहिले दोघे हातातलं काम सोडून पुढे आले, रविवारी कोणकोणत्या गाड्या आल्या ते आठवून सांगू लागले. तिसरं दुकान म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं शेड. एका बाजूला बायको चहा करायची, दुसऱ्या बाजूला नवरा पंक्चर काढायचा. चहाची भट्टी चालू होती. हवा भरायच्या टाकीवर मात्र पोतं टाकलेलं होतं.

मी चहा सांगितला. चहावालीने कप दिला तेव्हा बशीत चहा सांडला.

"पंक्चरचं दुकान बंद का?"

"बरं नाही त्यायले," ती म्हणाली.

नवरा मागून आला. पन्नाशीतला, किरकोळ अंगाचा. माझा गणवेश पाहिला आणि खाटेच्या कडेवर बसला. मी आवाज चढवला नाही. त्याच दिवशी एका माणसावर तो चढवून झाला होता.

"रविवारी शाळेच्या सरांची गाडी तुमच्याकडं आली होती," एवढंच म्हणालो.

तो जमिनीकडे पाहत राहिला. बायकोने पदराने हात पुसले. "तुम्ही सांगता का मी सांगू?" ती त्याला म्हणाली. "चार दिवस झाले, घास उतरत नाही तुमच्या गळ्याखाली. आता साहेब दारात आले. सांगून टाका."

तो उठला, शेडमधून पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यासमोर उघडला. आत कागदात गुंडाळलेला एक बोल्ट, त्याचा नट आणि दोन पिना होत्या. एक पट्टीची, दुसरी एक्सलची.

"हे राह्यलं माह्याजवळ," तो म्हणाला. "सरले घाई होती. गाडी येऊन राह्यली, माय उतरन म्हणत होते. म्या चाक बसवलं. पिन घाईत सापडली नाही तं तार टाकली. पट्टीचं ध्यानातच राह्यलं नाही. ते गेले न् म्या सामान आवरायले गेलो तं वाटीत हे दिसलं. म्या धावलो साहेब, आवाज देल्ला. हेल्मेट होतं डोक्यात, त्यायले ऐकू नाही गेलं."

"पुढं जाऊन का नाही सांगितलं?"

"सायकल घेऊन निघालो. उतारावर गर्दी दिसली. तठूनच वापस आलो." "मिस्त्रीवर नाव आलं हे परवा कळलं. दोनदा ठाण्यापर्यंत आलो. आत पाय नाही पडला."

बायको मधे बोलली, "मीच नाही म्हणत होती त्यायले. मले भेव वाटलं. माहीही चूक हाय."

माझ्याबरोबर आलेला गॅरेजवाला मागे उभा होता. तो पुढे झाला, डब्यातली पिन त्याने न उचलता वाकून पाहिली आणि मला म्हणाला, "उस्तादचीच. सरळ केली तरी वळण दिसते."

आम्ही पंचनामा केला, बोल्ट-नट-पिना जप्त केल्या. त्या माणसावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि त्याच दिवशी जामीनही. साडेपाचच्या सुमारास ठाण्यात परतलो आणि मिस्त्रींना सांगितलं की तुम्ही घरी जाऊ शकता. मी माफी मागितली. ठाणेदाराला ती सवय नसते, शब्द अडखळले. मिस्त्री म्हणाले, "तुमचं काम होतं साहेब." मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. तिथं त्यांचा जुना शिष्य उभा होता.

पंधरा वर्षांनी ते एकमेकांशी बोलले ते माझ्यासमोर.

"चाक तू खोललं?"

"हाव उस्ताद."

"पुढची पिन पाह्यली?"

"पाह्यली. एक वर, एक खाली."

मिस्त्रींनी मान हलवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी काळ्या पंजाच्या मागच्या बाजूने पुसले. "चाल," ते म्हणाले, "दुकान उघडायचं हाय." दोघं फाटकातून सोबत बाहेर पडले. बाई रजिस्टर मिटून खिडकीतून पाहत होत्या.

सर आठव्या दिवशी शुद्धीवर आले. मी अकोल्याला जाऊन जबाब घेतला. मिस्त्रींनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा निघाला; शनिवारी ते स्वतःच दुकानावर गेले होते, चूक कबूल केली होती, चहा घेतला होता. पंक्चरची हकिकतही तशीच. त्यांनी मला एवढंच विचारलं, की मिस्त्रींना यात काही त्रास झाला नाही ना. मला खोटं बोलता आलं नाही. पायाचं हाड जुळून चालता येऊ लागल्यावर ते काठी घेऊन आधी मिस्त्रींच्या दुकानावर गेले आणि मग त्या पत्र्याच्या शेडवर. पुढे न्यायालयाच्या परवानगीने त्यांनी पंक्चरवाल्याशी तडजोड केली. धाकट्या भावाने बाजाराच्या दिवशी, ज्या जागी भांडण झालं होतं तिथंच, मिस्त्रींचे हात हातात घेतले. ते मी पाहिलं नाही, बीट जमादाराने सांगितलं.

या तपासाने मला काय शिकवलं ते सरळ सांगतो. माझ्याजवळ हेतू होता, साक्षीदार होते, पळून गेल्याची खबर होती, तज्ज्ञाचा अहवाल होता. सगळं खरं होतं आणि तरी मी चुकीच्या माणसाला आत टाकणार होतो. जे सापडलं नाही त्याच्यामागे मी धावत होतो आणि जे आवारात पडलं होतं ते उघडून पाहिलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक गुन्ह्यात अटकेआधी मी हाताखालच्या माणसांना विचारत असे, अजून काय पाहायचं राहिलं आहे? अनेकदा उत्तर सर्वांत गप्प बसणाऱ्याकडून मिळालं.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेची आहे. गुन्हेगार पकडल्याबद्दल मला शाबासकी मिळाली, दोनदा बक्षीसही. पण निवृत्तीनंतर सकाळी शांतपणे चहा घेता येतो तो त्या दोन माणसांमुळे. एक ती हवालदार, जिने साहेब चिडलेले असताना दारात उभं राहून बोलायचं धाडस केलं. तिचं कौतुक मी तिच्या सेवापुस्तकात लिहिलं. दुसरा तो गॅरेजवाला. समोरच्या दुकानाला कायमचं कुलूप लागलं असतं तर सगळं गिऱ्हाईक त्याचंच होतं. त्याने फक्त तोंड वाकडं करून "काय सांगता येत नाही" म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्याने हात धुतले आणि जे दिसलं ते सांगितलं.

पंचनाम्यात त्याचा उल्लेख 'जाणकार इसम' एवढाच आहे. त्या संध्याकाळी तो माझ्यासमोर उभा होता तेव्हा मी त्याला "ठीक आहे, जा आता" असं म्हणालो होतो. नंतर बदली झाली आणि जे बोलायचं होतं ते राहून गेलं. हे लिखाण त्याच्या वाचनात आलं तर पिनेवरून त्याला कळेल की हे कोणाबद्दल आहे. भाऊ, तुझे आभार.